टोपीवरचं गंध

गेलेल्या माणसाच्या फोटोला गंध लावतात ते कपाळावर. आमच्या घरी आजोबांच्या टोपीवर लावतात, तेही चांगलं रुपयाएवढं. लहानपणी मला ही आमच्या कुळाची रीत वाटायची. मिशा फुटल्यावर कळलं की गंधाखाली निजामाच्या फौजेचा बिल्ला आहे. आजोबा संस्थानाच्या पलटणीत हवालदार होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनमध्ये संस्थान गेलं, त्यानंतर लोकांनी पलटणीतला शिपाई आणि रझाकार एकाच माळेचे मणी ठरवले, आणि घरच्यांनी चंदन उगाळायला घेतलं.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरवायला लातूरकडची मंडळी दिलसुखनगरला आमच्या घरी आली. मुलांची पसंती झाली होती, मोठ्यांचा होकार तेवढा बाकी होता. मुलाच्या आजोबांचं घर रझाकारांनी जाळलेलं, हे आम्हाला ठाऊक होतं. बायकोने सकाळीच गंधाचा जाड थर दिला.

चहा झाला. मुलाचे आजोबा फोटोपुढे उभे राहिले. "हे सैन्यात होते? कोणत्या?"

मी थाप मारायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात पंच्याऐंशीचे माझे बाबा काठी न घेता उठले, फोटो उतरवला आणि सदऱ्याच्या बाहीने काच पुसली. बिल्ला लख्ख दिसू लागला.

"निजामाच्या. माझे वडील. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं काम इमानाने केलं. हुकूम आला तशी बंदूक जमा केली आणि चालत घरी आले. कुणाच्या दारात जाळपोळीला गेले नाहीत."

"कशावरून?"

बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"कागद नाही. माझा शब्द आहे," बाबा म्हणाले. "तुम्हाला पटत नसेल तर उगी परेशान होऊ नका, सोयरीक सोडून द्या. पण माझ्या बापाला मी आता झाकणार नाही."

मुलगी दाराशी उभी होती, तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तरी खोटं कशाला सांगू, छाती अभिमानाने भरून आली. साठ वर्षांत बाबांचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता.

मुलाच्या आजोबांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला.

"लग्नात हा मांडवात ठेवा," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचा एकच फोटो होता, घराबरोबर जळून गेला. मला त्यांचा चेहरा आठवत नाही."