हेलसिंकीचे दहा गोल

आमच्या घरात भीतीवर एकच औषध होतं, आणि ते वडिलांनी कोल्हापूरहून आणलं होतं. तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ट्रंकेत दोन शर्ट आणि डोक्यात भारताच्या फुटबॉल संघाचा इतिहास, एवढंच घेऊन आले. कुठल्याही कारखान्यात स्फोट झाला की बोईसरच्या आमच्या खोलीची तावदानं थरथरायची. वडील खिडक्या लावायचे, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचे आणि आम्हा भावंडांना यादी म्हणायला बसवायचे. दिल्ली, एशियाड, इराणला हरवून सुवर्ण. मेलबर्न, ऑलिंपिक, यजमान ऑस्ट्रेलियाला चार गोल आणि चौथा क्रमांक. जाकार्ता, अख्खं मैदान विरोधात, तरी कोरियाला हरवून पुन्हा सुवर्ण. बँकॉक, कांस्य. यादी संपेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. बाहेर पळणारी माणसंच धुरात सापडतात, असं ते सांगायचे.

मला त्या खेळाचा मनापासून राग यायचा. देशाची सोन्याची पदकं मी रडत रडत पाठ केली आहेत.

माझ्या मुलीला मात्र तो खेळ असा चिकटला की काही विचारू नका. पंधराव्या वर्षी ती शाळेच्या संघात गोलकीपर झाली, आणि आजोबांची छाती फुगली. मग एका रविवारी वाणगावच्या मुलींनी तिच्यावर सात गोल चढवले. आजोबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "आपला संघ अनवाणी खेळून जिंकलाय, आन् तुला बूट घालून सात?" एवढं बोलून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी मध्ये पडले तर माझ्याशीही.

त्याच आठवड्यातली दुपार. नवापूरची कोळीण मावशी दारात टोपली उतरवून बोंबील निवडत होती. आधी जमीन हलली, मग आवाज आला. मावशीने टोपली तशीच सोडली, आत आली आणि स्वतःच दार लावलं. "वारा दर्याकडचा हाय. धूर हिकडंच येल," ती म्हणाली. वडील खिडक्या लावू लागले. मी टॉवेल भिजवायला गेले तर नळाची चावीच सापडेना.

मुलगी सरावाला तासभर आधी गेली होती. मैदान कारखान्यांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. म्हणजे धूर तिच्यापासून दूर आणि आमच्याकडे येत होता. ती तिथेच थांबली तर सुखरूप. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं, आणि तेवढ्यात तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"आई, सगळा धूर आपल्या घराकडे चाललाय. मी येते. सायकल काढलीय."

रस्ता एकच, कारखान्यांच्या फाटकांसमोरून. अशी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. वडिलांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"यादी म्हण," ते म्हणाले. तीन दिवसांनंतरचा त्यांचा तिच्याशी पहिला शब्द.

तिने एका दमात म्हटली. दिल्ली, मेलबर्न, जाकार्ता, बँकॉक. "झाली. निघू?"

खिडकीबाहेर पिवळट धूर समोरच्या इमारतीच्या टाकीपर्यंत आला होता. आमच्या संघाचा सगळा पराक्रम मिनिटभरात संपला होता आणि धुराची आत्ता कुठे सुरुवात होती. वडिलांनी खिडकीकडे पाहिलं. ते पुढे काय सांगणार? पुढे काही नव्हतंच.

"थांब," ते म्हणाले. "आजून हाय. हेलसिंकी."

हे नाव मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"ऑलिंपिक. समोर युगोस्लाव्हिया. आपल्यावर किती गोल बसलं आसतील, सांग."

"तीन?"

"वर चल."

"पाच? सहा?"

"धा," वडील म्हणाले. "धा बसलं. आपला एक."

फोनच्या पलीकडे सायकलची साखळी खडखडली. मावशी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, पोरगी निघाली.

"आजोबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडका होता. "दहा खाल्ले होते, तर माझ्याशी का नव्हता बोलत?"

वडिलांनी भिंतीला हात टेकला. सत्तर वर्षांचा माणूस, कोल्हापूरचा, चूक म्हणून कधी कबूल न केलेला.

"चुकलं माझं, बाळ," ते म्हणाले. "लपवून ठिवलं. तुझ्या आईलाबी न्हाई सांगितलं. हितं येऊ नगंस. आजून लई हरलोय आपण, समदं सांगतो. परवाच्या आशियाई चषकात तर एकबी गोल न करता परत आलो."

मी फोनजवळ कान नेला. त्यांचा श्वास आणि तिचा श्वास, दोन्ही ऐकू येत होते. मग पलीकडे खट्ट वाजलं. सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज होता तो.

"बसलेय मी," ती म्हणाली. "सांगा."