दोनशे तीस

माझा नवरा वायरमन होता. चिंचोळी एमआयडीसीतली कामं, शेतातल्या मोटरी, बोलावणं येईल तिकडं जायचा. व्होल्टेज मोजायचा मीटर नीट चालतो का, हे घरच्या बोर्डावर बघूनच पिशवीत टाकायचा, हा त्याचा नेम. लग्नानंतर ते काम त्यानं माझ्याकडं दिलं. चहाला आधण आलं की मी मीटरच्या दोन्ही पिना ओट्यावरच्या प्लगात घालायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. दोनशे सव्वीस. दोनशे एकेचाळीस. "आज लई जोरात हाय की!" म्हणायचा. मला त्या कामाचा भारी मान वाटायचा.

त्या दिवशी माझ्या भाच्याचं जावळ होतं. माहेरी जायचं महिनाभर आधी ठरलेलं, आणि हा मंद्रूपच्या एका मोटरीचं काम घेऊन बसला. "पाणी तटलंय त्यांचं. दुपारपतुर येतो, मग जाऊ," म्हणाला. मी धुसफुसत भाकरी थापत होते.

"मीटर बगितलास का गं?"

"बघितला की. दोनशे तीस."

मी हातसुद्धा लावला नव्हता. पिठाचे हात कोण धुणार, तेही असल्या माणसासाठी!

"बरोब्बर दोनशे तीस?" तो हसला आणि मीटर पिशवीत टाकून गेला.

मंद्रूपला शेतमालकानं चुकून शेजारच्या मोटरीचा फ्यूज काढला. ह्यानं स्टार्टरच्या तारांना मीटर लावला, शून्य दिसलं, म्हणून हात घातला. दुपारी तो आला नाही, फोन आला.

मीटर पोलिसांकडून पंधरा दिवसांनी मिळाला. घरात कुणी नसताना मी तो प्लगात लावला. डोक्यावर बल्ब चालू, आणि मीटरवर शून्य. लाल वायर आतून तुटली होती. जरा वाकवली की आकडा यायचा, सोडली की जायचा. मी तिथंच खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. एका जावळासाठी केवढा राग धरला होता मी!

दीर अजून म्हणतो, "वैनी, वीस वर्सं काम केल्याला माणूस, असा कसा चुकला?" सासरे म्हणतात, गडबड नडली त्याला. मी खाली बघते, भाकरी वाढते.

तो चुकला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं.