शेवटच्या शिट्टीपर्यंत

रविवार, २८ जून २०२६. नळाला पाणी गढूळ. तुरटी फिरवून ठेवलं. छबूबाई लवकर आली. साडेसातपासून टेक्सासचा सामना पाहिला. प्रेक्षकांत देवश्री दिसली नाही. इतक्या गर्दीत दिसावी अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. जेवायला दोडक्याची भाजी, मुगाची खिचडी. संध्याकाळी तिचा फोन येईल.

नीलांबरीबाई डायरी दिवसातून दोनदा लिहीत. दुपारी जेवण आटोपलं की एकदा आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की एकदा. ही शिस्त कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टांची. आजचं उद्या लिहिलं की त्यात आपण मीठमसाला घालतो, असं त्या म्हणत. नीलांबरीबाईंचे यजमान नृसिंहराव कचेरीत कारकून होते; ते गेले त्या दिवशीही बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. सावेडीतल्या त्या दोन खोल्यांत आता त्या एकट्या राहत. मुलगा पुण्याला. गुडघे कुरकुर करत, पण नजर अजून लांबवर पोचत असे.

त्या नजरेवर भरवसा ठेवूनच त्या आज सकाळी टीव्हीसमोर बसल्या होत्या. फुटबॉलचा वर्ल्ड कप अमेरिकेत चाललेला, आणि त्यातला एक सामना देवश्री प्रत्यक्ष मैदानात बसून बघणार होती. देवश्री म्हणजे त्यांची कॉन्व्हेंटमधली बाकावरची शेजारीण. दोन वर्षांपूर्वी ती नगरचं घर विकून टेक्सासला मुलाकडे, ओंकारकडे, कायमची राहायला गेली. ओंकारला या सामन्याची दोन तिकिटं मिळाली, एक आजीचं आणि एक नातवाचं, असं ठरलं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं होतं, “नीले, मी तुझ्या वतीनंही बघीन. माझे डोळे ते तुझे डोळे.”

नीलांबरीबाई त्याच दिवशी रिक्षा करून कापडबाजारात गेल्या. शाळेत दोघींचा गट पिवळा होता. तसंच पिवळं सुती कापड मीटरभर घेतलं, त्यातून एक मोठा रुमाल बेतला, कडा हातानं दुमडून शिवल्या आणि देवश्रीच्या अमेरिकेला निघालेल्या भाचीबरोबर पाठवून दिला. गळ्यात बांध, असं देवश्रीला फोनवर म्हणाल्या, म्हणजे कॅमेरा कधी तुमच्या बाजूला वळलाच तर मला ओळखता येईल.

छबूबाईला हे काही पटलं नव्हतं. ती केडगावहून धुण्याभांड्याला यायची आणि टीव्ही चालू असला की दारातच फतकल मारायची.

“बाई, इतक्या हजार मान्सांत तुमची मैत्रीन कशी गावायची? आमच्या गावच्या जत्रंत माजी सून न्हाई गावली मला, आन ती तर माज्या म्होरंच चालली हुती.”

“पिवळा रुमाल आहे गळ्यात.”

“त्यो बघा, आर्धा तुकडा पिवळाच बसलाय.”

खरंच एका बाजूला पिवळे पुष्कळ होते. नीलांबरीबाईंनी चष्मा पुसला आणि खेळ थांबून कॅमेरा गर्दीवर गेला की तेवढ्यापुरतं गर्दीकडे बघितलं. एरवी नजर चेंडूवर. खेळाकडे पाठ करून ओळखीचं माणूस शोधणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

नियमही सिस्टर बेनेडिक्टांचेच. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी किल्ल्याजवळच्या मैदानावर पावसाळ्यानंतर सामने भरत. लष्कराचे जवान, मिशन कंपाउंडची पोरं, कधी श्रीरामपूरचा संघ. सिस्टर मोठ्या मुलींना रांगेनं घेऊन जात आणि कडेच्या दगडी पायरीवर बसवत. बसलं की शेवटच्या शिट्टीपर्यंत उठायचं नाही. खाणं फक्त मध्यंतरात. खेळणारा जीव तोडून पळतो, बघणाऱ्यानं निदान जागा सोडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीच्या मुली शाळा सुटल्यावर मैदान विसरल्या. नीलांबरी आणि देवश्री लग्नं होऊन नगरातच राहिल्या आणि दर वर्षी जात राहिल्या. नीलांबरीकडे सतरंजी, देवश्रीकडे छत्री आणि मध्यंतरासाठी गूळ-शेंगदाणे. दोन नऊवारीतल्या सासवांच्या दोन पाचवारीतल्या सुना फुटबॉलला जातात, याचं गल्लीत हसू व्हायचं. नृसिंहराव म्हणायचे, “चला, आमच्या सेंटर फॉरवर्ड निघाल्या.”

नीलांबरीबाईंना संसाराचं काही फार सांगण्यासारखं वाटत नसे. शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलगा वाढवला, आजारपणं काढली. सगळ्यांचंच असतं तसं. पण त्या पायरीवर दोघींनी शेजारी बसून जे पाहिलं, ते मात्र आपलं खास आहे, अशी त्यांची समजूत होती.

विशेषतः आसारामचा गोल. मिशन कंपाउंडकडून खेळणारा काटकुळा आसाराम, समोर लष्कराचा संघ, मैदानात चिखल. सामना बरोबरीत सुटणार हे धरून माणसं सायकली काढायला लागलेली. आसारामनं कोपऱ्याकडून चेंडू उचलला, दोघांना चकवलं आणि पडता पडता मारला. गोलरक्षक चिखलात बसला तो बसलाच. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते आणि दोघी ओरडल्या होत्या. नवरा गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी नीलांबरीबाईंनी तो गोल कितीदा तरी पुन्हा पाहिला होता.

मागच्या हिवाळ्यात देवश्रीच्या नातवानं तिला त्यांच्याकडच्या फुटबॉलला नेलं. अमेरिकन फुटबॉल. घरी परतल्यावर ती फोनवर त्या खेळाचे गोडवेच गायला लागली.

“अगं, बघणाऱ्यासाठीच केलाय तो खेळ. पाच सेकंद धुमश्चक्री, की थांबला. मग पडद्यावर तेच पुन्हा दाखवतात. तोवर तू खा, पी, मोरीला जाऊन ये, काही चुकत नाही. आणि समोर हे एवढं घड्याळ. उलटं चालतं. खेळ थांबला की तेही थांबतं. शेवटी तर सगळं स्टेडियम मोठ्यानं मोजतं, दहा, नऊ, आठ… शून्यावर आलं की सामना संपला. कुणाला शंका नको. नाहीतर आपलं, मान वळवली की गोल, आणि संपणार कधी ते त्या एकट्या पंचाला ठाऊक.”

“तीच तर गंमत आहे, देवे.”

“असेल बाई.”

नीलांबरीबाई एकांगी मत करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मोबाईलवर तो खेळ दोनदा बघितला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला द्यायचा, हे कळल्यावर त्यांना त्यात रस वाटला. प्रत्येक चालीआधी आता काय करतील याचा विचार करायला वेळ मिळतो, हे त्यांनी मान्य केलं. बुद्धिबळासारखं काहीतरी आहे, असं त्या छबूबाईला म्हणाल्या.

छबूबाईनं थोडा वेळ बघितलं. “ह्ये तर बांध कोरायचं काम हाय, बाई. आज हातभर, उद्या हातभर. आमच्या भावकीत रोजच चालतंय. नुसतं डोक्याला टोप न्हाई घालत कुनी.”

नीलांबरीबाई हसून हसून दमल्या आणि रविवारच्या नेहमीच्या फोनवर देवश्रीला तो विनोद सांगितला. पण त्या खेळात त्यांचं मन रमलं नाही. दर थोड्या वेळानं कुणीतरी खांद्याला धरून हलवतंय असं वाटे. आपल्या खेळात तासभर काहीच घडत नाही आणि तरी उठवत नाही. ते न घडणं दुसऱ्या कुणाबरोबर बघायचं असतं. हे त्या देवश्रीला म्हणाल्या नाहीत. तिला सांगायची गरज आहे, असं त्यांना वाटलं नाही.

आज सकाळी सामना संपला. नव्वद मिनिटं होऊन गेली, वरची मिनिटं चालू झाली, तीही सरली, तरी पंच शिट्टी वाजवेना. स्टेडियमातले सगळे उभे राहून त्याच्याकडे बघत होते. नीलांबरीबाईंनी पदर मुठीत धरला होता. देवश्री आत्ता तिथं अशीच उभी असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना सतरंजीवर दुसरं कुणी बसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फोन आला. देवश्रीकडे नुकतंच उजाडलं होतं, आवाज झोपेतला.

“बघितलास का गं सामना?” तिनंच विचारलं.

“बघितला. तुला शोधलं, दिसली नाहीस.”

“कशी दिसणार. मुंग्यांसारखी माणसं. कान फुटायची वेळ आली होती.”

“रुमाल बांधला होतास?”

“बांधला होता ना.”

“जागा कुठली होती? गोलाच्या मागं की बाजूला?”

“बाजूला. वर, अगदी वर. पण छान दिसत होतं. आम्ही तो मक्याचा एवढा मोठा पुडा घेतला होता, तो संपेपर्यंत खात होतो दोघं.”

नीलांबरीबाईंना ते किंचित खटकलं. पण सत्तरी उलटलेल्या बाईनं दोन घास खाल्ले तर खाल्ले. त्या म्हणाल्या, “बरं, शेवटचं सांग. मी इथं पदर पिळत बसले होते. तिथं कसं वाटत होतं?”

“काय सांगू, नीले. जीव मुठीत. सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. पोरं मोठ्यानं मोजत होती, तीन, दोन, एक. घड्याळ शून्यावर आलं आणि जो काही गलका झाला म्हणतेस…”

नीलांबरीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? ऐकू येतंय ना?”

“देवे, आपल्या खेळाचं घड्याळ शून्यावर कधी येतं?”

“म्हणजे?”

“तू गेलीच नव्हतीस,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “तू मला थंडीतला तो दुसरा खेळ सांगते आहेस.”

“अगं, नातवाच्या मित्राला फार हौस होती. म्हणून दिलं मी माझं तिकीट.”

“त्यानं मागितलं?”

“नाही. मीच दिलं. मोठं स्टेडियम, एवढं चालायचं, जिने. आणि दोन तास…”

“आणि रुमाल?”

“बॅगेत आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही, शप्पथ.”

“तिकीट दिलंस त्याचं काही नाही. मला सांगायचं होतंस. सकाळी मी वेड्यासारखी गर्दीत पिवळं शोधत होते.”

“सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.”

“आता काय वाटतंय असं तुला वाटतं?”

देवश्री आता पुरती जागी झाली होती. तिच्या आवाजात पूर्वीची, भांडणातली धार आली. “मग एकदाचं ऐकूनच घे, नीले. मला कंटाळा येतो त्या खेळाचा. बावीस माणसं दोन तास पळतात आणि एक गोल. कधी तोही नाही. हा इथला खेळ निदान कळतो तरी मला.”

“आता येतो कंटाळा?”

“पहिल्यापासून.”

“मग इतकी वर्षं माझ्या शेजारी काय करत होतीस?”

“सासूबाईंच्या तावडीतून दोन तास सुटत होते. तू बोलवायला आलीस की त्या नाही म्हणत नव्हत्या, तू इंग्रजी शिकवणारी, तुझा मान होता. त्या पायरीवर मला कुणी काही मागत नव्हतं. तू आपली समोर बघायचीस, बोलायची नाहीस. मी उद्याच्या भाज्या ठरवायचे, ओंकारच्या फीचा विचार करायचे. कधी कधी नुसती बसायचे. मला फार बरं वाटायचं तिथं. हे काय खोटं होतं?”

नीलांबरीबाईंनी विचारू नये ते विचारलं. “आसारामचा गोल?”

“कुठला आसाराम?”

“मिशन कंपाउंडचा. चिखलातला. तू माझा हात धरून ओरडली होतीस.”

“तू धरलास, नीले. तू माझा हात दाबलास म्हणून मी ओरडले. काय झालं ते मी बघितलंच नव्हतं.”

आसाराम जाऊन दहा वर्षं झाली होती. तो गोलरक्षक कुठल्या प्रांतातला, कुठं बदलून गेला, कुणाला ठाऊक. तो गोल पाहिलेलं आपल्याशिवाय आणखी एक माणूस या पृथ्वीवर आहे, टेक्सासात आहे, असं धरून नीलांबरीबाई चालत आल्या होत्या. त्यांनी समोर बघितलं. टीव्ही बंद होता आणि काचेत त्यांची स्वतःची खुर्ची दिसत होती.

“रागावलीस?” देवश्रीनं विचारलं.

“नाही.”

“रागावलीस. अगं, खेळाचं काय एवढं? मी तुझ्यासाठीच येत होते असं समज की.”

“माझ्यासाठी नाही, सासूसाठी. आत्ताच म्हणालीस.”

“तेच ते गं. आता या वयात तू शब्दात धरू नकोस मला. बघ, पुढच्या रविवारी मी तुला…”

ती पुढं काय म्हणत होती ते नीलांबरीबाईंना ऐकू येत होतं. पुढच्या सामन्याला नक्की जाईन, ओंकारला सांगते, रुमाल बांधूनच जाईन, फोटो काढून पाठवते. ती थांबत नव्हती.

“नळ आलाय,” नीलांबरीबाई म्हणाल्या, आणि तिचं वाक्य संपायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

नळ खरंच आला होता. पाणी सकाळसारखंच लालसर. त्या बादली लावून उभ्या राहिल्या. फोन पुन्हा दोनदा वाजला, तोवर दुसरी बादली भरत आली होती. मग त्यांनी कपाट उघडलं. सतरंजीच्या घडीवर कापडबाजारातलं उरलेलं पिवळं कापड तसंच होतं. आपल्यालाही एक रुमाल बेतावा असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी कात्री घेतली.

दिवा लावून झाल्यावर त्यांनी डायरी उघडली, तारखेखालच्या दुपारच्या ओळी एकदा वाचल्या आणि त्यांच्या खाली लिहिलं:

संध्याकाळी पाणी तासभर आलं, गढूळच. पिवळं सुती कापड दुहेरी करून नळाला बांधलं. गाळ बराच अडतो.