नवारीची पट्टी

"एक चुनो. आगे या पीछे?"

आमचे जनरल मॅनेजर मल्होत्रासाहेब घाईत होते. कॉस्ट रिव्ह्यूची मीटिंग होती. म्हणजे नव्या गाडीतली एकेक वस्तू चर्चेला घ्यायची आणि ती काढून टाकली तर काय बिघडतं ते विचारायचं. माझी वस्तू अगदीच किरकोळ. दाराच्या वर, छताच्या कडेला, धरायला एक हँडल. बसताना-उतरताना हाताला आधार. प्लास्टिकचा एक तुकडा आणि दोन स्क्रू. तेवढ्यासाठी मी चार महिने भांडत होतो. मला ते पुढच्या सीटला आणि मागच्या सीटला, दोन्हीकडे हवं होतं.

"सर, पीछे बुज़ुर्ग बैठते हैं," मी म्हटलं.

"और आगे?"

"आगे मिसेस जगताप बैठती हैं."

सगळे हसले. जगताप काकूंना त्या खोलीतला प्रत्येकजण नावानं ओळखत होता, कारण दर मीटिंगला मी त्यांच्याच गाडीचा फोटो प्रोजेक्टरवर लावायचो.

"तो मिसेस जगताप के लिए आगे रख लो. पीछे डिलीट," साहेब म्हणाले.

मी मान डोलावली. बाहेर येऊन चहा प्यायलो. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हा गुडगावात आमच्या कारखान्यापलीकडे मोहरीची शेतं होती. मी दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. घरोघरी पहिलीवहिली गाडी येत होती, आणि माझं काम होतं रविवारी लोकांच्या घरी जाऊन त्यांची गाडी बघायची. बिघाड शोधायचे नाहीत. लोकांनी गाडीत स्वतःच्या डोक्यानं काय काय लावून घेतलंय ते टिपायचं. कुणी डॅशबोर्डवर साबणाची डबी चिकटवून त्यात सुटी नाणी ठेवायचं. कुणी सीटच्या मागे भाजीची पिशवी अडकवायला पडद्याचा हूक ठोकायचं. माणूस जे स्वतः खटपट करून बसवतो ते त्याला खरंच हवं असतं, एवढं साधं आमचं शास्त्र.

जगताप काका लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. मी त्यांची गाडी बघितली आणि कपाळावर हात मारला. नव्याकोऱ्या गाडीच्या छताला आतून, डाव्या दाराच्या वर, त्यांनी ड्रिलनं भोक पाडलं होतं. त्यात लोखंडी कडी. कडीत नवारीचा फास, म्हणजे खाटेला विणतात त्या जाड सुती पट्टीचा.

"काका, अहो गंज चढेल!"

"चढू दे. गाडी काय पूजेला घेतलीय? हिला संधिवात आहे. दर मंगळवारी बायकांचं भजन असतं, एकेकीच्या घरी. तेवढं हिला कुणाच्या मदतीशिवाय बसता-उतरता आलं म्हणजे झालं."

"मी दाखवते ना कशी बसते ते," काकू म्हणाल्या. त्यांनी उजव्या हातावर पदर ओढून घेतला आणि गाडीकडे वळल्या.

मी तोंड फिरवलं. आमच्या घरची शिकवणच तशी. बाईमाणूस कष्टानं उठबस करत असेल तर टक लावून बघत उभं राहायचं नाही. मी समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिलो. वळलो तेव्हा काकू सीटवर बसलेल्या होत्या आणि पट्टी हलत होती. मग मी माझं काम चोख केलं. पट्टीची उंची मोजली, लांबी मोजली, ती किती भार पेलते तेही काकांनी लोंबकळून दाखवलं. शेवटी फोटो काढला. पट्टीचा.

पुढे त्याच मापानं हँडल झालं. गाडी बाजारात आली तेव्हा मी काकांना शोरूममध्ये बोलावलं. त्यांनी हँडल धरून तीनदा उठबस केली आणि सेल्समनला सांगितलं, "ये हमारे घर का आयडिया है." काकूंना ताप होता म्हणून त्या आल्या नव्हत्या. "पुढच्या आठवड्यात आणतो हिला," काका म्हणाले. त्यापूर्वीच ते गेले. हार्ट अटॅक. मी भेटायला गेलो, दहा मिनिटं बसलो आणि उठलो. त्यानंतर फिरकलोही नाही. काम होतं, असं मी स्वतःला सांगायचो. काम कुणाला नसतं?

काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा, अजयचा फोन आला. क्वार्टर सोडून घरचे सगळे आता इंदिरापुरमला फ्लॅटमध्ये राहत होते. त्यानं तीनेक वर्षांपूर्वी आमचीच गाडी घेतली होती. "बाबांच्या हँडलवाली," तो म्हणाला. "संडेला या ना घरी."

काकू खुर्चीत बसल्या होत्या. खूपच वाळल्या होत्या.

"या दिनेशभाऊ. तुमचं हँडल आलं बरं का आमच्या दारात."

"मग, उपयोग होतो ना?"

सून मनीषाच म्हणाली, "आई पुढे बसतच नाहीत. आम्ही कितीदा म्हटलं."

"नवराबायकोनं पुढं बसावं. मी मागंच बरी," काकू म्हणाल्या.

"मागेही कुठे? दोन वर्षं झाली, खाली उतरलेल्याच नाहीत."

कारण मनीषानं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. एकदा मागच्या सीटवरून काकूंना उठताच येईना. अजय गेट उघडायला गेला होता. चौकीदार धावत आला आणि त्यानं काखेत हात घालून त्यांना ओढून बाहेर काढलं. बिचाऱ्यानं मदतच केली. पण आजूबाजूला लोक होते. वर आल्यावर काकू म्हणाल्या, बस, आता मी कुठे जाणार नाही. मंगळवारचं भजनही त्या दिवशीच सुटलं.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं. वर बघितलं. छताच्या कडेला प्लास्टिकच्या दोन गोल टिकल्या. एखादी वस्तू ऐनवेळी रद्द झाली की तिच्या स्क्रूची भोकं आम्ही अशी झाकतो. आत सगळी तयारी असते, फक्त वस्तू नसते. त्या टिकल्या माझ्या सहीनं बसल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या रविवारी स्टोअरमधून पुढचंच एक हँडल घेऊन गेलो. टिकल्या काढल्या, दोन स्क्रू पिळले. पाच मिनिटांचं काम. काकू लिफ्टनं खाली आल्या, माझ्यासाठी म्हणून. चौकीदाराला मीच दूर पाठवलं. या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

काकूंनी हात वर नेला. पदर मागे सरकला. बोटं मुळापासून एका बाजूला वाकलेली होती. त्यांनी ती हँडलवर टेकवली, आणि तशीच राहिली. मिटत नव्हती. हात घसरून खाली आला. पुन्हा नेला. पुन्हा घसरला.

"छान आहे हो. मलाच जमत नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, बोटं कधीपासून अशी?"

"अगोदरपासून. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हाही अशीच होती."

"मग ती पट्टी कशी धरायचात?"

"धरत कुठं होते? मनगट घालायचे आत. मनगटावर भार देऊन उठायचे. म्हणून तर यांनी फास केला होता, दांडा नव्हता केला."

"मला सांगितलं का नाहीत?"

"दाखवत होते की. तुम्ही झाडाकडं बघत होतात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गुडघे दुखतात असं मी धरून चाललो होतो. चार महिने भांडून मी ज्यांच्या नावानं वस्तू मिळवली होती, त्यांना ती पुढेही उपयोगाची नव्हती आणि मागेही नव्हती.

"मनीषा, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात बघ," काकू म्हणाल्या.

जुनी गाडी विकली तेव्हा त्यांनी कडी जाऊ दिली होती, पट्टी सोडवून घेतली होती. धुऊन, घडी घालून ठेवलेली. मी ती हँडलला बांधली. काकूंनी मनगट आत घातलं, एक श्वास घेतला आणि एकट्यानं आत बसल्या. मग एकट्यानं उतरल्या. मनीषा रडायला लागली. मी हत्यारं आवरत बसलो.

"येत्या मंगळवारी जाते मी," काकू म्हणाल्या.

त्या गेल्या. मनीषानं मला फोनवर सांगितलं. क्वार्टर बदलला की फोन नंबरही बदलायचा, त्यामुळे कुणाचाच पत्ता लागत नव्हता. म्हणून त्या अजयला घेऊन थेट लक्ष्मीबाई नगरला एका मैत्रिणीच्या दारात गेल्या. दारावर दुसरीच पाटी होती. नवरे रिटायर झाले तसतशा एकेक जणी आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. भजन बंद पडून वर्ष झालं होतं. शेजारणीनं आत बोलावलं, पण काकू गाडीतून उतरल्या नाहीत. पट्टीत मनगट घालून तशाच बसून राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "चल घरी." त्यानंतर त्या गाडीत बसल्याच नाहीत. हिवाळा संपता संपता गेल्या.

पुढच्या मॉडेलला मी मागे हँडल मिळवलं. या वेळी कुणी भांडलंही नाही. आकार मात्र तोच राहिला, कारण साचा बदलायला कुणी तयार नव्हतं.

रिटायर होईपर्यंत मी दर बॅचच्या नव्या इंजिनिअरांना पट्टीचा तो फोटो दाखवत असे आणि विचारत असे, यात काय नाही? मुलं कडीकडे बघायची, भोकाकडे बघायची. मग मी सांगायचो: फोटो काढाल तो वापरणाऱ्याचा हात आत असताना काढा. संकोच वाटेल. माफी मागा, पण बघा.