उषा मॅडमचा न धरलेला उपास

भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलं की टरफलांचा ढीग कधी झाला ते कळत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या किश्श्यांचं तसंच आहे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, फक्त उठताना मांडीवरून झटकावे लागतात. पालमच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो. यंदाच्या हिवाळ्यात झटकायला गेलो तर सगळे किस्से एकाच वस्तूचे निघाले. रताळ्याचे!

सुरुवात करावी लागते ती उषा मॅडमच्या आवाजापासून. त्या इतिहास शिकवतात. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं त्यांचंच. मधे एका आजारपणानंतर त्यांच्या चेहऱ्यावर कोरडे, तपकिरी डाग उठले. त्या वर्षी स्टेजवरून उतरताना एका पालक बाईंनी आपुलकीनंच विचारलं, "मॅडम, तोंडाला भाजलं का काय?"

पुढच्या वर्षापासून मॅडम माईक घेऊन पडद्यामागं उभ्या राहू लागल्या. म्हणायच्या, तिथून सगळं नीट दिसतं. पडद्यामागून नीट काय दिसतं ते आम्हाला माहीत होतं. पण कोणी बोललं नाही.

* * *

यंदा दिवाळीनंतर त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. रताळी खा, त्वचा सुधारेल. मॅडम राहतात ताडकळसला आणि रोज एसटीनं शाळेत येतात. तिथल्या आठवडी बाजारात त्यांनी पिशवीभर रताळी मोजून घेतली. विकणारी म्हातारी चौकस होती.

"बाई, शिवरात्र तर लय लांब हाय. एवढी रताळी कशाला घ्यायलाव?"

मागं आमच्याच शाळेच्या दोन पालक बाया उभ्या. त्यांच्यासमोर चेहऱ्याचं कसं सांगणार? मॅडम म्हणाल्या, "उपास आहे."

सोमवारी त्या शाळेत पोचायच्या आधी बातमी पोचली होती. उषा मॅडमनी मोठं व्रत धरलंय!

* * *

आमचा शिपाई महादप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि दुसऱ्याच्या उपासाची काळजी स्वतःच्या उपासापेक्षा जास्त. मॅडमच्या डब्यात रोज उकडलेली रताळी दिसू लागल्यावर त्यानं त्यांच्या चहासोबतचं बिस्कीट बंद केलं. टेबलाजवळून जाताना हात जोडू लागला.

त्यातच मॅडमचा वाढदिवस आला. समोसे म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून आम्ही स्टँडवरून गरमगरम समोसे मागवले. महादप्पा प्लेट घेऊन फिरला. सगळ्यांना दिले आणि मॅडमच्या पुढ्यात एक केळ ठेवलं.

"मॅडमपुढं प्लेट धरू नका," त्यानं आम्हाला दटावलं. "पाप लागतंय."

मॅडमनी केळ सोललं. नजर माझ्या समोशावर होती. वाढदिवस त्यांचा, समोसे आमचे!

विज्ञानाचे सलीम सर हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "महादप्पा, आम्ही महिनाभर रोजे धरतो, तेव्हा तू आमच्यापुढं बसून भजी खातोस. आमच्या वेळेला पाप कुठं जातं?"

महादप्पानं जरा विचार केला. "सर, तुमी कदी तक्रार केली न्हाई."

* * *

डिसेंबरात शाळेची सहल येलदरी धरणावर गेली. पोरांचे डबे झाले. आम्ही झाडाखाली बसलो. सलीम सरांच्या ओळखीच्या कोळ्यानं ताजे मासे तळून आणले होते. मॅडमच्या माहेरी मासे म्हणजे सणच. त्यांनी रताळ्याचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. मग एकदम हात पुढं झाला, आणि एका हातात मासा, एका हातात रताळं!

महादप्पाचा चेहरा पांढरा पडला. त्या व्रतासाठी त्यानं रोज मनातल्या मनात प्रार्थना केली होती.

"मॅडम! उपास!"

मॅडमनी काटा बाजूला काढला, घास गिळला आणि म्हणाल्या, "उपास नव्हताच महादप्पा. चेहऱ्यासाठी खायलेय मी. यंदा पडद्याच्या बाहेर यायचंय मला."

 इतक्या वर्षांत पडद्याचं नाव पहिल्यांदा निघालं होतं, आणि तेही त्यांनीच काढलं होतं.  फसवलं म्हणून महादप्पा चिडणार, असं आम्हाला वाटलं. त्यानं हळूच चप्पल काढली, पाय पुढं केला आणि विचारलं,

"मंग टाचंच्या भेगाला चालतंय का?"

* * *

त्यानंतर रताळं सार्वजनिक झालं. सलीम सरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, की केशरी गराच्या रताळ्यात कातडीला लागणारं सत्त्व जास्त असतं, आपली पांढऱ्या गराची त्यात मागं. मग त्यांच्या मेहुण्याच्या शेतातून केशरी रताळी येऊ लागली. आणि नुसती रताळी खाऊन बसू नका, पाणी प्या, उन्हात तोंड झाका, हेही ते रोज बजावत. पोरांची खिचडी शिजली की चुलीच्या आरात, निखाऱ्यांखाली, महादप्पा रताळी पुरायचा. मधल्या सुट्टीत काळ्या सालीतून केशरी गर वाफाळत निघायचा.

अशाच एका दुपारी तपासणीला साहेब आले. टेबलावर परातभर रताळी. महादप्पा सोलतोय, सलीम सर खातायत, मॅडम मीठ शोधतायत.

साहेब चक्रावले. "आज काय, एकादशी?"

खरं सांगायची कोणाची तयारी नव्हती. सलीम सरांनी तोंडातला घास संपवला. "साहेब, आज आमच्या सगळ्यांचाच उपास आहे."

साहेबांनी महादप्पाच्या भस्माकडं पाहिलं, सलीम सरांच्या टोपीकडं पाहिलं आणि गहिवरून एक रताळं उचललं. जाताना शेरा लिहून गेले: "शाळेतील सर्वधर्मसमभाव अनुकरणीय!"

* * *

एकदा मॅडमनी मला विचारलं, वहिनी रताळ्याचा कीस कसा करायच्या? माझी बायको सुमन गेल्यापासून घरी खिचडी आणि दूध-पोळी एवढंच होत होतं. कितीतरी वर्षं ती कीस परतत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोलत असे. पण कढईकडं कधी पाहिलं नाही. बघायचो ते तिच्याकडं.

तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट, एवढं आठवलं. पहिल्या दिवशी कीस खाली लागला. तसाच डब्यात भरून नेला. मॅडमनी एक घास खाल्ला.

"वहिनींचा असाच लागायचा?"

"नाही."

"मग उद्या परत करा."

दुसऱ्या दिवशी गिचका झाला. तिसऱ्या दिवशी मिरची जास्त. एके दिवशी आठवलं, की सुमन रताळं किसलं की कीस आधी पाण्यात टाकायची आणि घट्ट पिळून घ्यायची. त्या दिवशी मॅडमनी डबा रिकामा करून, धुऊन परत दिला.  मी पास झालो होतो. आता शनिवारी मी कीस करतो. घरी, माझ्यापुरता.

* * *

जानेवारीत संमेलन आलं. डाग गेले का? महादप्पा म्हणायचा, पार पुसट झाले. सलीम सर म्हणायचे, खिडकीतला उजेड बदललाय. एवढं मात्र खरं, की कातडीचा कोरडेपणा गेला होता. पूर्वी मॅडम हसताना गाल ताणून दुखायचे म्हणून अर्ध्यावर थांबत. आता पूर्ण हसत होत्या. महादप्पाच्या भेगा मात्र होत्या तिथंच होत्या. त्याचं म्हणणं, टाच लांब पडते, पोचायला वेळ लागणार.

मैदान भरलं होतं. पाहुणे बसले. पडदा बंद. पडद्याच्या दोरीला महादप्पा, आणि मॅडम नेहमीच्या जागी, माईक हातात, चेहऱ्याला स्कार्फ. मी विंगेत होतो. कार्यक्रमाची वेळ झाली. मॅडमनी सवयीनं माईक तोंडाशी नेला. आणि खाली घेतला.

महादप्पा दोरी धरून त्यांच्याकडं बघत राहिला.  त्यांनी स्कार्फ सोडला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"महादप्पा, पडदा वढ."

"मॅडम, आधी तुमचं बोलणं असतंय की."

"तेच करायलेय. वढ."

पडदा सरकला. सगळे दिवे त्यांच्या चेहऱ्यावर. मॅडम दोन पावलं पुढं गेल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार, पालमकर!"

मैदान गप्प. टाळी नाही, काही नाही.  तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजीचा आवाज सगळ्या मैदानानं ऐकला.

"अगं बया! ही बाई बोलायलीय व्हय? आमाला इतकी वर्सं वाटायलं, टेप लावायलेत!"

मॅडमनी माईक सावरला.

"आजी, टेप बिघडली. आता मीच हाय."