जिनिंगमधलं विमानाचं इंजिन

कपाशीचा हंगाम संपला की जिनिंगमध्ये मशिनी खोलायच्या, तेल द्यायचं आणि गप्पा मारायच्या, एवढंच उरायचं. त्यामुळे वसमतच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कापसाइतकेच किस्सेही साठले. त्यातले निम्मे तरी गणपत मिस्त्रींचे.

मिस्त्री मूळचे कुरुंद्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते दक्षिणेत विमानांच्या कारखान्यात होते. वापरून झिजलेली इंजिनं खोलायची आणि पुन्हा नव्यासारखी बांधायची, हे त्यांचं काम. लढाई संपल्यावर तिथली माणसं कमी केली, अन् मिस्त्री आमच्याकडे फोरमन म्हणून आले. मी त्यांच्या हाताखाली फिटर.

*

त्याच सुमारास मालकांनी लष्करी लिलावात भंगार घेतलं. स्टेशनवरून ते बैलगाड्यांत आलं. एका खोक्यात गोल इंजिन होतं, चहूबाजूंनी सिलिंडर बाहेर आलेलं.

"हे सूर्यफूल कोन्या कामाचं?" गाडीवानाने विचारलं.

"विमानाचं इंजिन हाय," मिस्त्री म्हणाले. "हळू उतरवा. लई लोकांचे हात लागलेत याला."

मालकांना त्यातलं ॲल्युमिनियम वितळवून पुल्या ओतायच्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "हंगाम होऊ द्या मालक, मग बघू."

असे दोन हंगाम गेले.

*

निजामाचं राज्य, म्हणून शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी मिस्त्री इंजिन उघडून आम्हाला समजवायचे. हा भाग साच्यात ओततात, हा ठोकून घडवतात, हा शेवटी हातानेच घासावा लागतो.

एकदा कंटाळून मी म्हणालो, "मिस्त्री, हे शिकून आमी काय करावं?"

"विमान उडवणाऱ्याचं नाव पेपरात येते," ते म्हणाले. "बांधणाऱ्याचं कुठं येते? कोणाला तरी म्हाईत पाहिजे ना."



*

एकदा गिअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली. मी लावून वाचली. रोज, म्हणजे गुलाब.

मिस्त्री एकदम खूश झाले. "बाई हाय! लढाईत तिकडं विलायतेत बायाच कारखान्यात होत्या. तिनंच बांधलं असंल."

तेवढ्यात त्यांची बायको, आमच्या सरूवहिनी, भाकरी घेऊन आल्या. "रोज कोण?"

"ही इंजिनवाली."

मी पॉलिश कागद घेऊन झाकण साफ करायला लागलो तर मिस्त्रींनी हात धरला. "तिचं नाव घासू नको."

वहिनींनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. त्या दिवसापासून त्या इंजिनाला सवत म्हणायला लागल्या. पण पुढे मालकांनी भट्टी पेटवायची गोष्ट काढली, तेव्हा त्याच आडव्या आल्या. "माझी सवत हाय, मालक. तिला जाळायचं असंल तर मला विचारून जाळा."

मालक हसले, पण भट्टीची गोष्ट काही सोडली नाही.

*

अठ्ठेचाळीस साली दिवस बिघडले. कोणीतरी चुगली केली आणि निजामाच्या पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, शिपाई घेऊन दारात आला.

"यहां हवाई जहाज छुपाए बोलते."

 मिस्त्रींनी त्याला सरळ इंजिन ठेवलेल्या शेडमध्ये नेलं.

"जहाज नहीं साहब, सिर्फ इंजिन है."

अमीन इंजिनाभोवती फिरला. "और पंख?"

"पंख आए नहीं, साहब."

त्याने बराच विचार केला आणि शेडच्या दाराला सरकारी सील लावलं. "जब तक पंखों का पता नहीं लगता, इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

मालकांची भट्टी राहिली ती राहिलीच. मिस्त्री त्या संध्याकाळी मला म्हणाले, "बराबर माणूस आला बघ. आता पंख काही सापडत न्हाईत."

*

पुढे हिंदुस्थानची फौज निजामावर चालून आली, त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत एक विमान आमच्या डोक्यावरून गेलं. पहिल्यांदाच एवढ्या खालून. गडी, हमाल, सगळे आत पळाले. मालक कापसाच्या गाठींच्या मागे जाऊन बसले. मिस्त्री मात्र अंगणाच्या मधोमध, डोळे मिटून उभे.

"मिस्त्री, आत या!" मी ओरडलो. "बॉम्ब टाकतील!"

त्यांनी नुसता हात वर करून मला गप्प केलं. विमान औंढ्याकडे वळलं. आवाज विरेपर्यंत ते हलले नाहीत.

गाठींमागून मालकांनी हळूच विचारलं, "मिस्त्री, कोणाचं हाय? आपलं का त्यांचं?"

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"उजवं इंजिन आमच्या तिकडल्या कारखान्यात बांधलेलं वाटून राहिलं, मालक. डावं अडखळून राहिलंय. ते आमचं न्हाई."