कॉन्फरन्सचा इतिहास आणि तिसरं नाव

मला त्या बाईचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. पासष्टी ओलांडलेल्या, गुडघे धरून चालणाऱ्या, माझ्याकडेच बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला येणाऱ्या बाईचा. तिच्या दंडाला पट्टा गुंडाळताना मी मनात म्हणायचे, काय आहे हिच्यात एवढं? आणि ती विचारायची, "आमच्या पोरीचा खांदा कसा आहे आता?" आमच्या म्हणे! पोरगी माझी होती.

आम्ही इंडियानातल्या एका मक्याच्या गावात राहतो. गावच्या लहानशा हॉस्पिटलला डॉक्टर मिळत नव्हता आणि मला व्हिसा हवा होता, असं ते जुळलं. नवऱ्याची नोकरी मिशिगनमधल्या नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत. तो शुक्रवारी साडेतीन तास ड्राइव्ह करून येतो आणि रविवारी दुपारी परत जातो. मुलगी दोन वर्षांची असताना मी तिला या इथल्याच अमेरिकन बाईकडे ठेवायला लागले, कारण ती घरीच मुलं सांभाळायची आणि माझ्या ड्यूटीला ना सुरुवात ना शेवट. मुलगी तिथे जेवली, तिथे झोपली, तिचा पहिला दातही तिथेच पडला. बाईला ती 'ग्रॅम', म्हणजे आजी, म्हणायला लागली. साताऱ्याच्या माझ्या आईशी मात्र व्हिडिओ कॉलवर "हाय आजी, बरी आहेस?" एवढं बोलून फोन माझ्या हातात द्यायची.

त्यात ही बाई हायस्कूलच्या व्हॉलीबॉलची स्कोअरबुक लिहायची. पन्नासेक वर्षं, प्रत्येक सामन्याला टेबलाशी बसून, टोकदार पेन्सिलीने. तिच्या मांडीवर वाढलेली मुलगी व्हॉलीबॉल खेळणार नाही तर काय भरतनाट्यम शिकणार? नोव्हायच्या मैत्रिणींच्या मुली ते शिकत होत्या, गणपतीत स्टेजवर नाचत होत्या, आणि मैत्रिणी मला फोटो पाठवत होत्या. मी ना तिथल्या मंडळात होते, ना इथल्या कशात.

आमच्याकडे कॉन्फरन्स म्हणजे परिषद नव्हे. आसपासच्या आठ गावांतली आठ हायस्कुलं दरवर्षी एकमेकांशी सामने खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. शहरात राहणाऱ्याला यात एवढं काय आहे ते कळणार नाही. इथे नवीन माणूस भेटला की तो काय करतो हे नंतर विचारतात, आधी कुठल्या शाळेचा ते. जिमच्या, म्हणजे शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहाच्या, भिंतीवर आठ शाळांचे आठ कापडी झेंडे टांगलेले असतात. एखादी शाळा गटातून गेली की तिचा झेंडा उतरवतात आणि मागे भिंतीवर गडद चौकोन राहतो.

गेल्या वर्षी ही कॉन्फरन्सच मोडायची ठरली. दोन मोठ्या शाळांना आणखी मोठ्या शाळांशी खेळायचं होतं, आणि उरलेल्यांत दम नव्हता. शेवटच्या मोसमाच्या पुस्तिकेत कॉन्फरन्सचा इतिहास छापायचा होता: कोणती शाळा कधी आली, कधी गेली, का गेली. पालकांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, सांगेन सगळं, पण डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कुणीतरी लिहून घ्या. मी हात वर केला. बारा वर्षांत मी मुलीच्या शाळेत कशालाही हात वर केला नव्हता, कपकेक आणायलासुद्धा नाही. शेजारच्या खुर्चीवरून मुलगी म्हणाली, "आई, आर यू शुअर? तुला तर गेममधलं रोटेशनपण कळत नाही."

म्हणूनच तर. एकदा तरी तिने मला विचारावं, आई, ही शाळा कधी आली गं आपल्या कॉन्फरन्समध्ये? आणि मी ग्रॅमकडे न बघता उत्तर द्यावं. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

मग दर बुधवारी दुपारी मी बाईच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसायला लागले. पेशंटची हिस्टरी घ्यावी तसे माझे प्रश्न: कधीपासून, किती वेळा, कारण काय. तिची उत्तरं भलतीकडेच जायची. सुरुवातीला सहा शाळा होत्या आणि नियम एकच होता: शाळा इतक्याच अंतरावर हवी, की सामना संपवून पोरं संध्याकाळी गाईंचं दूध काढायला घरी पोचतील. पलीकडच्या गावची शाळा दोन वर्षं अर्ज करत राहिली आणि चार मैल जास्त म्हणून नाकारली गेली. पुढे गाईच कमी झाल्या आणि त्या शाळेला घेऊन टाकलं. दोन शाळांचं विलीनीकरण झालं तेव्हा एकीचा निळा आणि दुसरीचा नारिंगी रंग एकत्र शिवला, पण त्या गावांतली माणसं कितीतरी वर्षं जिमच्या समोरासमोरच्या बाजूंना बसत राहिली. एक शाळा पंचावर रुसून निघून गेली आणि पुढच्या वर्षी परत आली, कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

"पण लहान शाळा सोडून का जातात?" मी पेन सरसावून विचारलं.

"डॉक्टर, सोडून कुणी जात नाही," ती म्हणाली. "एक दिवस संघाला सहा मुली जमत नाहीत. एवढंच होतं."

मुलगी प्रॅक्टिसहून तिथेच यायची. फ्रिज उघडायची, न विचारता डबा काढायची, आणि बाईचं वाक्य अर्धं असतानाच पूर्ण करायची. "अँड देन द बस गॉट स्टक, राइट ग्रॅम?" दोघी हसायच्या. मी समोर पाहुणीसारखी कॉफी पीत बसायचे. माझ्या घरी ही मुलगी फ्रिज उघडून, काही नाही म्हणून, बंद करते.

आता त्या फॉर्मबद्दल सांगते. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी बारावीच्या मुलींचा निरोप असतो, त्याला सीनियर नाइट म्हणतात. एकेक मुलगी आईवडिलांच्या हातात हात घालून कोर्टाच्या मध्यापर्यंत चालत जाते, माइकवरून नावं वाचतात, आणि ती त्यांना एकेक फूल देते. सोबत कोण चालणार, ते फॉर्मवर लिहायचं. आमच्या मुलीने फॉर्म माझ्या सहीसाठी ओट्यावर ठेवला होता. पहिल्या ओळीवर माझं नाव, दुसऱ्या ओळीवर बाबांचं, तिसऱ्या ओळीवर त्या बाईचं. पुढे कंसात, माय ग्रॅम.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शाळेच्या साइटवरून कोरा फॉर्म छापला, दोनच नावं लिहिली, सही केली आणि हॉस्पिटलला जाता जाता ऑफिसात देऊन आले. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बालवाडीपासून तिचा प्रत्येक फॉर्म मीच भरत आले होते. इथली मुलं आठवीपासून स्वतःचे फॉर्म स्वतः भरतात. आपल्याकडे मुलगी लग्नाची झाली तरी आईच पेन काढते, आणि त्यात काही चुकतंय असं आपल्या मनातही येत नाही. त्या दिवशी मात्र मनात आलं होतं. मी स्वतःला सांगितलं, नवरा इतक्या लांबून येणार, घरच्यांचा दिवस आहे, घरच्यांनी चालावं. जुना फॉर्म चार तुकडे करून कचऱ्यात टाकला.

त्याच आठवड्यात, बाईने दिलेल्या स्कोअरबुकांच्या खोक्यात तळाशी एक वेगळी वही सापडली. कॉन्फरन्समधून फार पूर्वी गेलेल्या एका शाळेची. शेवटच्या पानावर सहा मुलींची नावं शाईने लिहिलेली, समोरच्या संघाचीही सहा, आणि खाली गुणांचे सगळे रकाने कोरे. चौथं नाव बाईचं होतं, माहेरच्या आडनावासकट.

मी बुधवारी विचारलं. ती सहज सांगायला लागली. ती बारावीत असताना शाळेचा बॉयलर फुटला, इमारत बंद झाली ती कायमची, आणि मुलं आजूबाजूच्या शाळांत वाटली गेली. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी होता. "आईनं केस सेट करून घेतले होते," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चालायचं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा पार्लरला गेली होती." नव्या शाळेच्या संघात जागा नव्हती. मग तिने पेन्सिल उचलली आणि तिथे स्कोअर लिहायला बसली. ती तेव्हापासून बसलीच होती.

"हे लिहू का पुस्तिकेत?" मी विचारलं.

"नको गं. हा कॉन्फरन्सचा इतिहास नाही, माझा आहे."

आता कुठलीही बरी बाई काय करेल? ऑफिसात एक फोन करेल, तिसरं नाव घालून घेईल. सीनियर नाइटपर्यंतचे तीनही दिवस मी फोन केला नाही. उलट आणखीच जळले. हिचं दुःखसुद्धा इथलं होतं, या जिमचं, या गावाचं. तिला न चालता आलेलीही एक जागा होती. मला इथे हुकण्यासारखं काय होतं? फक्त ती एक संध्याकाळ, आणि तीही हिच्याबरोबर वाटून घ्यायची? नाही, म्हटलं. नाही म्हणजे नाही.

सीनियर नाइटला नवरा नवा शर्ट घालून आला होता. जिम भरलेली. मुलगी आमच्या मधे उभी, हातात तीन फुलं. ती सारखी स्कोअरच्या टेबलाकडे बघून हात हलवत होती, ये ना, ये ना. बाई जागची हलली नाही. फॉर्मवरच्या माणसांना ऑफिस बोलावणं पाठवतं; तिला ते गेलंच नव्हतं, पण मुलीचा हात तिला दिसला असणार. मग माइकवरून नावं आली, दोन. मुलीने एकदा वर पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि मग आम्ही चाललो. माझ्या हातातला तिचा हात गार पडला होता. मध्यावर तिने मला फूल दिलं, बाबांना दिलं, तिसरं हातातच राहिलं. लोक टाळ्या वाजवत होते. बाईही वाजवत होती.

सामना संपल्यावर मुलगी टेबलाशी गेली. मी मागेच होते. "व्हाय डिडन्ट दे कॉल यू?" तिने विचारलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. डॉक्टरला नजर वाचता येते म्हणतात. मला ती पुरेपूर वाचता आली. मग ती मुलीला म्हणाली, "मीच ऑफिसला सांगितलं, माझं नाव काढा म्हणून. हे गुडघे घेऊन कुठे एवढ्या लोकांत चालू? तुझे आईबाबा आहेत की."

मुलगी वळून गाडीकडे गेली. तिसरं फूल तिने गाडीत मागच्या सीटवर टाकलं.

आणि मग माझ्या मनासारखं झालं. मुलगी ग्रॅमकडे जायची थांबली. प्रॅक्टिस संपली की सरळ घरी. फ्रिज उघडायची आणि मी केलेले पोहे गरम करून खायची. मी विचारलं, ग्रॅमकडे नाही गेलीस? तर म्हणाली, "शी डिडन्ट वॉन्ट टू वॉक विथ मी, आई. व्हॉटेव्हर, यार." एका संध्याकाळी तर कॉन्फरन्सची पुस्तिका चाळताना तिने खरंच विचारलं, "आई, ही ऑरेंज-ब्लू शाळा कधी मर्ज झाली?" मी उत्तर दिलं. ती ओके म्हणाली आणि पुस्तिका मिटून टेबलावर पालथी ठेवली. तिचे डोळे सुजलेले होते. मला हवं होतं ते सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसलं होतं आणि माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नव्हतं.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, नवरा निघून गेल्यावर मी तिला सांगितलं. फॉर्म मी बदलला. ग्रॅम खोटं बोलली, माझ्यासाठी. बॉयलरचं सांगितलं, पार्लरला गेलेल्या तिच्या आईचं सांगितलं. आणि कारणही सांगितलं, कारण बाकी सगळं सांगून ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. "मला तिचा हेवा वाटतो. तू दोन वर्षांची होतीस तेव्हापासून."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "टेन डेज, आई. मी दहा दिवस तिचे फोन घेतले नाहीत." मग तिने खुंटीवरून गाडीची किल्ली काढली. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं.

खिडकीतून मला ती गाडीपर्यंत गेलेली दिसली. थांबली. वळली आणि परत घराकडे यायला लागली. मी घाईघाईने पायात चप्पल सरकवली, दोघी मिळून जाऊ, मी बाईची माफी मागेन, असं मनात जुळवायला लागले. दार उघडून ती आत आली, माझ्या अंगावरून ओट्याशी गेली. तिचा फोन तिथे राहिला होता. तो घेऊन ती गेली.